स्टॅम्बॉव्स्की विरुद्ध ॲक्ली

स्टॅम्बॉव्स्की विरुद्ध ॲक्ली हा अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात घरविक्रीच्या करारावरून चाललेला खटला होय. ‘ॲपेलेट डिव्हिजन’ या अपिलीय न्यायालयाने १८ जुलै १९९१ रोजी त्याचा निकाल दिला. घराविषयीची कोणती माहिती विक्रेत्याने खरेदीदारापासून दडवू नये, या प्रश्नाच्या चर्चेत हा खटला वारंवार उल्लेखिला जातो.

पार्श्वभूमी
हडसन नदीकाठच्या नायॅक या गावातील आपल्या व्हिक्टोरियन घरात भुतांचा वावर असल्याचे मालकीण सांगत असे. १९७७ साली ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकातून व १९८२ साली स्थानिक वृत्तपत्रातून या हकिकतीला प्रसिद्धी मिळाली. १९८९ मध्ये गावातील पाच घरांच्या पायी सहलीत या घराचाही समावेश होता. न्यूयॉर्क शहरातील एका गृहस्थाने ते ६,५०,००० डॉलरना घेण्याचा करार केला व विसारादाखल ३२,५०० डॉलर दिले. घराचा हा लौकिक कळल्यावर त्याने करार रद्द करण्यासाठी दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने तो फेटाळला.

निकाल
अपिलाचा निर्णय ३ विरुद्ध २ अशा बहुमताने झाला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती इस्रायल रुबिन यांनी लिहिले. भुते खरोखर आहेत की नाहीत, हे न्यायालयाने तपासले नाही. विक्रेत्या महिलेने स्वतःच ती असल्याचे जाहीर केले होते; त्यामुळे आता ते नाकारण्याचा अधिकार तिला उरत नाही आणि कायद्याच्या दृष्टीने घर झपाटलेलेच ठरते, असे बहुमताने म्हटले. खरेदीदाराने स्वतः सावध राहावे, हे तेथील जुने तत्त्व. मात्र विक्रेत्यानेच निर्माण केलेली, मूल्य घटवणारी आणि दक्ष खरेदीदारालाही सहसा न उमगणारी बाब दडवली गेल्यास त्याला अपवाद करणे न्याय्य ठरते, असे न्यायालयाने मानले. करार रद्द करण्याची मागणी पुन्हा दाखल करून घेण्यात आली. फसवणुकीबद्दलच्या नुकसानभरपाईची मागणी मात्र अमान्य झाली. विरोधी मत देणाऱ्या दोन न्यायमूर्तींनी जुन्या तत्त्वाला मुरड घालण्यास नकार दिला.

नंतरचे कायदे
घरात खून, आत्महत्या वा अन्य मृत्यू झाला असल्यास ती उघड करण्याजोगी महत्त्वाची बाब नव्हे, अशी तरतूद पुढे न्यूयॉर्क राज्याने केली. तिच्यात भुतांचा उल्लेख नाही. कॅलिफोर्नियात तीन वर्षांपूर्वीचा मृत्यू आपणहून सांगण्याचे बंधन नाही. परंतु खरेदीदाराने थेट विचारल्यास खोटे उत्तर देण्याची मुभा कायदा देत नाही.