पान १२०५ आणि पान १२०९

१५ ऑगस्ट १९६५च्या ‘फिजिक्स लेटर्स’मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ओसाका सिटी आणि डरहॅम विद्यापीठांसह लिहिलेला एक निबंध आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २,३०० मीटर खोलीवर, न्यूट्रिनो या जवळपास कशालाच न अडणाऱ्या कणांच्या खुणा सापडल्याची ती नोंद. त्याआधी याच खाणीत आणखी खाली ठेवलेल्या उपकरणाने दोन महिन्यांत एकही म्युऑन टिपला नव्हता. मला हे शून्य फार मोलाचे वाटते, कारण वैश्विक किरणांचे म्युऑन इतक्या खाली पोचत नसल्याने इथे न्यूट्रिनो पकडता येतील ही आशा त्यावरूनच बळावली. मात्र कोलारचे न्यूट्रिनो वातावरणात जन्मलेले होते, सूर्यातले नव्हेत. हा भेद लक्षात ठेवूनच पुढचा कागद उघडायचा.

तो कागद २० मे १९६८चा, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मधला. पान १२०५वर रेमंड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी केलेले सूर्यातल्या न्यूट्रिनोंचे मोजमाप: फार तर ३ सूर्यन्यूट्रिनो एकक. पान १२०९वर जॉन बाकॉल, नेटा बाकॉल आणि शाविव यांचे गणित: ७.५, अधिक-उणे ३. म्हणजे सगळी सूट दिली तरी ४.५च्या खाली येता येत नाही.

पहिला संशय उपकरणावर. अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत डेव्हिसांनी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या द्रवाची ६१५ टनांची टाकी भरली होती. न्यूट्रिनो धडकला की क्लोरिनचा अणू आर्गॉन-३७ होतो. ३५ दिवसांत त्यातला निम्मा विघटन पावतो. टाकीत हेलियम वायू सोडून हे मोजके अणू बाहेर काढायचे. मुद्दाम मिसळलेला आर्गॉन जवळपास सगळा परत मिळत होता. तेव्हा टाकी निर्दोष ठरते.

दुसरा संशय सूर्यावर: गाभा थोडा थंड असला तर टाकीला दिसणारे न्यूट्रिनो झपाट्याने घटतात. सूर्यपृष्ठाच्या कंपनांच्या अभ्यासाने पुढे ही वाटही बंद केली.

तिसरा संशय खुद्द न्यूट्रिनोवर. ब्रूनो पाँतेकोर्व्होंच्या १९६७च्या रशियन निबंधात, डेव्हिसांच्या निकालाआधीच, वाटेत एका जातीतून दुसऱ्या जातीत बदलल्याने सूर्यन्यूट्रिनो निम्मेच दिसतील अशी शक्यता आहे. तेव्हा तो तर्कच होता. शिवाय तूट निम्म्याहून मोठी होती. सूर्याच्या दाट पदार्थातून जाताना हा बदल वेगळा घडतो, हे नंतर उमगले.

जात बदलण्याचा पुरावा २००२ साली कॅनडातल्या सडबरीहून आला, १,००० टन जड पाण्यातून. दर चौरस सेंटिमीटरला, दर सेकंदाला बोरॉन-८पासून जन्मलेले न्यूट्रिनो सर्व जातींचे मिळून ५०.९ लाख; गणिताचा अंदाज ५०.५ लाख. त्यांतले इलेक्ट्रॉन जातीचे १७.६ लाख. डेव्हिसांच्या टाकीला तेवढीच जात दिसत होती.