पूरविम्याचे उंचीदाखले व त्यांतील आधारपातळी

एखाद्या लेखांत वर्षाचा आंकडा मिळाला म्हणून कोणी संशोधक लगेच काल ठरवीत नाहीं. तो शालिवाहनाचा, विक्रमाचा कीं राज्याभिषेकाचा, हें तो आधीं पाहतो. घराच्या उंचीच्या आंकड्यासहि हाच न्याय लागतो. तो न लावल्यास काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पूरविम्याच्या दप्तरांत आम्हांस मिळतें.

१९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर तेथील खासगी कंपन्यांनीं पुराची जोखीम घेणें जवळजवळ सोडूनच दिलें. १९६५ त ‘बेट्सी’ वादळानें लुइझियानांत अनर्थ केला, आणि १९६८ त राष्ट्रीय पूरविम्याचा कायदा झाला. एका वर्षांत येण्याचा संभव शेंकडा एक आहे असा पूर जेथवर चढेल, ती मूळ पूरपातळी नकाशांत दाखवूं लागले. घराची सर्वांत खालची फरशी तिच्या वर कीं खालीं, यावर नव्या घरांचा हप्ता ठरे. आणि तें सिद्ध करणारा कागद म्हणजे उंचीदाखला. परवानाधारक भूमापक, इंजिनिअर किंवा वास्तुशिल्पज्ञ बेंचमार्कापासून पातळी आणून फरशीची, घरालगतच्या भुईच्या सर्वांत उंच व सर्वांत सखल जागेची, आणि घराचीं यंत्रें बसविलेल्या जागेची उंची नोंदवितो व खालीं सही-शिक्का करितो. समुद्राच्या लाटा आदळतात त्या पट्ट्यांत फरशी न धरतां तिला पेलणाऱ्या सर्वांत खालच्या आडव्या तुळईचा तळ धरितात.

परंतु उंची मोजावयाची कोठून? १९२९ सालची आधारपातळी २६ भरतीमापकांवर बसविलेली होती. त्यांपैकीं ५ कॅनडांतील होते. तिच्या नांवांत ‘समुद्रपातळी’ हा शब्द होता. तो भ्रामक म्हणून १९७३ त काढला. पुढें १९८८ च्या नांवाची नवी पातळी आली. ती क्वेबेकमधील फादर पॉइंट या एकाच ठिकाणावर टेकलेली आहे. परिणाम असा कीं, मायामीकडे नवा आंकडा जुन्याहून सुमारें दीड फूट कमी येतो, तर सिअॅटलकडे सुमारें साडेतीन फूट अधिक. घर मात्र तसूभरहि हललेलें नसतें! समजा, मायामींतील जुन्या दाखल्यांत फरशी ९ फूट आहे व नव्या नकाशांत पूरपातळी ८ फूट. मालक स्वतःस फूटभर वर समजतो; वस्तुतः तो अर्धा फूट खालीं असतो.

न्यू ऑर्लीन्सचा प्रकार याहून बिकट. तेथें भुईच खचते, आणि तिजबरोबर बेंचमार्कहि. २००५ च्या ‘कत्रिना’ वादळानंतर झालेल्या चौकशींत असें आढळलें कीं, १९२९ ची पातळी व प्रत्यक्ष समुद्रपातळी एकच धरल्यानें कांहीं कालव्यांच्या भिंती योजिल्याहून फूट-दोन फूट ठेंगण्या झाल्या होत्या.

१९७५ पूर्वींच्या पुष्कळ घरांस दाखलेच नाहींत, कारण पूरनकाशापूर्वीं बांधलेल्या घरांस सवलतीचा दर उंची न पाहतां मिळे. ऑक्टोबर २०२१ पासून नव्या दरपद्धतींत हप्त्यासाठीं दाखला ऐच्छिक झाला. पूरक्षेत्रांतील बांधकामाच्या नियमनांत मात्र तो चालूच आहे. विम्याचें काम संपलें म्हणून जुने दाखले रद्दींत जातील, अशी आम्हांस भीति वाटते. खचणाऱ्या भूमीवर अमुक तारखेस अमुक फरशी कोठें होती, हें सांगणारा दुसरा कागद बहुधा नसतो. त्यांची नक्कल करणारानें उंचीबरोबर आधारपातळी, बेंचमार्क व मापनाची तारीख हीं तिन्ही अवश्य उतरून घ्यावीं.