बडोद्याचं कर्ज : बाहांदरीपासून क्रेडिट कार्डापर्यंत

मंडळी, बडोद्यावर लिहायचं म्हटलं की आपण राजवाड्यावर लिहितो, कमाटीबागेवर लिहितो, सक्तीच्या शिक्षणावर तर हमखास लिहितो. आज मात्र थोड्या अवघड विषयावर लिहितोय. कर्जावर. संस्थानाच्या कर्जावर आणि आपल्या घरांतल्या कर्जावरही. दोन्हींची चाल किती सारखी असते, ते शेवटपर्यंत वाचलंत तर तुमच्या लक्षात येईल.

गोविंदराव गायकवाड १८०० साली वारले. गादीवर आले आनंदराव. त्यांची प्रकृती आणि मन दोन्ही दुबळं, त्यामुळे कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला. भाऊबंदकी पेटली, कडीचे मल्हारराव उठले, आणि दिवाण रावजी आप्पांनी इंग्रजांकडे मदत मागितली. १८०२ मध्ये कंपनीचा मेजर वॉकर फौजेसह आला. कडीचं प्रकरण मिटलं, पण खरी अडचण बडोदे शहराच्या आतच बसली होती. ती म्हणजे अरब सिबंदी.

या सिबंदीचा पगार थकला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आमचं देणं चुकतं करा, मग आम्ही निघतो. आणि इथेच दौलत अडकली होती. सिबंदी कमी केल्याशिवाय खर्च कमी होणार नाही, आणि थकबाकी दिल्याशिवाय सिबंदी हलणार नाही. थकबाकीला पैसा कुठून आणायचा? तर सावकाराकडून. म्हणजे खर्च कमी करायचा तर आधी कर्ज वाढवायचं! डिसेंबर १८०२ मध्ये वॉकरला शहराला वेढा घालावा लागला, तेव्हा कुठे हा तिढा सुटला. थकबाकी दिली गेली. त्यासाठी काही रक्कम कंपनीने उचलून दिली, काही बडोद्याच्या पेढ्यांनी.

या पेढ्यांची नावं जुन्या बडोदेकरांना सांगायला नकोत. हरिभक्ती, सामळ बेचर, आपले गोपाळराव मैराळ. हरिभक्तींचं नाव तर आजही शहरातल्या वस्तीला आहे. ही मंडळी नुसती श्रीमंत नव्हती, राज्याचा रोजचा खर्चच त्यांच्या पेढ्यांवर चालायचा. या पद्धतीला पोतेदारी म्हणत. सारा वसूल व्हायचा पीक आल्यावर, पण फौज, कारकून, देवस्थानं, पागा यांचा खर्च रोजचा. मधल्या काळात पेढी पैसे पुरवायची. त्यावर व्याज लागायचं, व्याजाशिवाय मनोती म्हणून वेगळी रक्कम लागायची, आणि येणाऱ्या वसुलीवर वराता आधीच काढून ठेवलेल्या असायच्या. पीक घरात यायच्या आत ते सावकाराच्या नावावर लिहिलेलं.

आता सांगा, एक तारखेला पगार खात्यात पडतो आणि पाच तारखेपर्यंत कार्डांच्या बिलांत जातो, मग उरलेला महिना पुन्हा कार्डावर काढायचा, हे याहून वेगळं काय आहे? पोतेदारीच ती. फक्त तिथे गादी, तक्क्या आणि चोपडे होते, इथे मोबाईल आहे.

दुसरा शब्द बाहांदरी. अर्थ साधा, हात धरणं, म्हणजे जामीन राहणं. राजाच्या शब्दावर कुणाचा भरवसा उरला नव्हता, म्हणून पूर्वी अरब जमादार जामीन राहायचे. त्यांच्या जागी आता कंपनी जामीन राहू लागली. सावकार निर्धास्त झाले, कारण राजा बुडाला तरी कंपनी आहे. त्या वेळी हे सोयीचं वाटलं. पण जामीन सोपा झाला की कर्जही सोपं होतं, आणि जो जामीन राहतो तो एक दिवस घरात येऊन बसतो. कंपनीही तशीच येऊन बसली. कुणाला काय द्यायचं, कुणाला कामावर ठेवायचं, यात रेसिडेंटचा शब्द चालू लागला.

आनंदराव १८१९ मध्ये वारले आणि दुसरे सयाजीराव गादीवर आले. पुढच्या वर्षी मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन बडोद्याला आले. कर्ज बरंचसं फिटत आलंय, अशी समजूत होती. हिशेब काढला तर आकडा निघाला एक कोटीच्या वर! १८१७-१८ च्या लढाईत फौजेवर खर्च झाला होता, जुन्या कर्जाचं व्याज चढत होतं, आणि एका पेढीचं भागवायला दुसरीकडून उचल होत होती. कोटीचा आकडा एका रात्रीत उभा राहिला नव्हता. इतकी वर्षं सगळी देणी एका कागदावर मांडून कुणी पाहिलीच नव्हती.

एल्फिन्स्टनने सांगितलं, तुमचा अंतर्गत कारभार तुम्ही करा, पण ज्या कर्जांना आमची बाहांदरी आहे त्यांचे हप्ते चुकता कामा नयेत. सयाजीरावांनी मान्य केलं, पण हप्ते काही नीट गेले नाहीत. इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार अशी की महाराजांची खासगी तिजोरी भरते आहे आणि दौलतीचं देणं तसंच पडून आहे. महाराजांची बाजूही समजून घेतली पाहिजे. सावकार आणि रेसिडेन्सी एकमेकांना धरून आहेत, व्याजाला अंत नाही, आणि आपल्याच राज्यात आपला शब्द चालत नाही, हे त्यांना सलत होतं. मुद्दल दिलं तरी हे लोक जाणार आहेत का, अशी शंका मनात असली की माणसाचा हात तिजोरीकडे जात नाही.

शेवटी १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या सरकारने पेटलाद, कडी असे चांगल्या उत्पन्नाचे महाल जप्त केले आणि त्यांच्या वसुलीतून सावकारांचं देणं भागवायला सुरुवात केली. गायकवाडी मुलखाला हा मोठा अपमान वाटला. हप्ता चुकला म्हणून घरातली चांगली खोली सावकाराने कुलूप लावून ताब्यात घ्यावी, तसं झालं.

यातून सुटका झाली १८३२ मध्ये. मुंबईचे नवे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर बडोद्याला आले. या वेळी मामला वेगळ्या रीतीने मिटला. महाराजांनी सावकारांशी थेट हिशेब केला. देणी मिटवण्याची व्यवस्था लागली, कंपनीची हमी त्या कर्जांवरून उठली आणि जप्त महाल परत मिळाले. तीस वर्षं जे नवीन कर्जाने, नवीन जामिनाने आणि जप्तीनेही सुटलं नव्हतं, ते समोरासमोर बसून हिशेब केल्यावर सुटलं.

कर्ज फिटलं म्हणून शिस्त मात्र आली नाही. खंडेरावांच्या काळात मोत्यांचा गालिचा झाला, मल्हाररावांच्या काळात सोन्याच्या तोफा. या वस्तू आपण कौतुकाने सांगतो, पण त्यांचा खर्च कोणत्या खात्यात टाकला, असं विचारणारं तेव्हा कुणी नव्हतं. १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं गेलं, आणि कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा मुलगा तिसरा सयाजीराव म्हणून गादीवर बसला. कारभार पाहायला आले सर टी. माधवराव.

हा माणूस आपल्यासारखाच. म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी. नावातला टी म्हणजे तंजावर. जन्म कुंभकोणमचा. १८५८ मध्ये ते त्रावणकोरचे दिवाण झाले तेव्हा ते संस्थानही कर्जात होतं. माधवरावांनी जाचक मक्ते बंद केले, खर्चाला शिस्त लावली आणि १८६३ पर्यंत संस्थानाला कर्जमुक्त केलं. बडोद्यात आल्यावरही त्यांनी तीच वाट धरली. कोणत्या खात्याला वर्षाला किती, हे आधी ठरवायचं, वर्षअखेर जमाखर्च छापून अहवालात मांडायचा, आणि राजघराण्याचा खर्च वेगळा धरायचा. आज याला आपण बजेट म्हणतो. १८८१ च्या अखेरीस सयाजीरावांच्या हाती कारभार आला तेव्हा त्यांना मिळालेली ही घडी पुढच्या शाळांना, ग्रंथालयांना, रस्त्यांना उपयोगी पडली. हिशेब नीट असल्याशिवाय सुधारणा होत नाहीत, हे सयाजीरावांच्या चरित्रात फारसं कुणी ठळकपणे सांगत नाही.

आता राजवाड्यातून निघून आपल्या वाड्यांत येऊ. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा. इथे राहणारी आपली माणसं बहुतेक पगारदार. सरकारी कारकून, मास्तर, कारखानीस. पगार ठरलेला, प्रतिष्ठा मोठी, आणि खर्च प्रतिष्ठेच्या मापाने. मुंज, लग्न, बाळंतपण, आजारपण, गावाकडचं बोलावणं. अडीअडचणीला सावकार होताच.

अशा वेळी ५ फेब्रुवारी १८८९ रोजी बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहायकारी मंडळी सुरू झाली. अन्योन्य म्हणजे एकमेकांचे. सभासदांनी थोडी थोडी बचत एकत्र करायची आणि गरज पडेल त्याला त्यातून माफक व्याजाने द्यायचं. सहकारी पतसंस्थांचा कायदा हिंदुस्थानात आला १९०४ मध्ये, म्हणजे त्याच्या पंधरा वर्षं आधी. भारतातल्या सहकारी पतपेढ्यांचा इतिहास लिहिताना पहिलं नाव याच मंडळीचं येतं. पुढे तिची बँक झाली. तिची शेवटची वर्षं कशी गेली हे बडोद्याच्या ठेवीदारांना वेगळं सांगायला नको, पण त्यामुळे सुरुवातीचं मोल कमी होत नाही.

तिचं मोल व्याजदरात तर होतंच, पण त्याहून जास्त ओळखीत होतं. कर्ज देणारा आणि घेणारा एकाच आळीतले. मागणाऱ्याला कारण सांगावं लागायचं. "कशाला हवेत?" हा प्रश्न विचारणारं कुणी असलं की निम्मी कर्जं मागितलीच जात नाहीत. आमच्या घरीही आजोबांची जमाखर्चाची वही होती. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, आणि शेवटच्या पानावर 'देणे' म्हणून यादी. वाणी, दूधवाला, मंडळीचा हप्ता. एकेक देणं फिटलं की त्यावर आडवी रेघ. आजी म्हणायची, "आमच्या घरात रेघ मारायच्या दिवशी शिरा होतो."

हे सगळं आज का सांगतोय? क्रेडिट कार्डाला "कशाला हवेत?" असं विचारणारं कुणी नाही, म्हणून. आमच्या नात्यातला एक मुलगा, नोकरी उत्तम, चार कार्डं आणि देणं ४,१०,०००. दर महिन्याला तो 'किमान रक्कम' भरायचा आणि हप्ता चुकला नाही म्हणून निश्चिंत असायचा. किमान रकमेचा हिशेब एकदा करून बघा. १ लाख बाकी, व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. किमान रक्कम पाच टक्के धरली तर तुम्ही भरता ५,०००. मुद्दलातून जातात फक्त ८७०! आणि तोवर त्याच कार्डावर पेट्रोल भरलंत तर तेही गेले.

घरच्यांनी त्याला ओरडण्याऐवजी वही दिली. चारही देणी एका पानावर. कार्डं कपाटात, नवीन खर्च बंद, एका कार्डाचं दुसऱ्यावर टाकणं बंद. त्याची १ लाखाची मुदत ठेव होती, "तिला हात लावायचा नाही" म्हणून जपलेली. ठेवीवर वर्षाला सात टक्के मिळत होते, कार्डाला वर्षाला बेचाळीस जात होते. दुसऱ्या सयाजीरावांच्या खासगी तिजोरीची गोष्ट नेमकी हीच. ठेव मोडली आणि सर्वांत लहान कार्ड पूर्ण बंद केलं, उरलेले पुढच्याला लावले. अडचणीपुरते थोडे पैसे बचत खात्यात होते, ते तसेच ठेवले. मग महिन्याला २५,००० ठरवून. एक कार्ड संपलं की त्याची रक्कम पुढच्या कार्डाला. दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात त्याने एका मित्राच्या लग्नाला जाणं टाळलं आणि दिवाळीत घरी येताना विमानाऐवजी रेल्वेने आला. त्याच्या आईला याचं वाईट वाटायचं, पण ती बोलली नाही.

मंडळी, कुणी कर्जात असेल तर त्याला तुच्छ लेखू नका. कोटीचं देणं राजांनाही झालं होतं. पण देणं लपवू नका आणि लपवू देऊ नका. बहुतेक घरांत पैशापेक्षा लाजेचं ओझं जास्त असतं, आणि त्या लाजेपोटीच पाचवं कार्ड निघतं.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, जिथे असाल तिथे तुमच्या घरी आजोबा-पणजोबांची जमाखर्चाची वही, एखाद्या पतपेढीचं जुनं पासबुक असेल तर रद्दीत देऊ नका. त्यातलं शेवटचं पान उघडून मुलांना दाखवा. आडव्या रेघांचं.