बंद न पडता चुकणारं मशीन

आपल्या सोनईत कारखान्याचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी बॉयलरची तपासणी होते, हे बहुतेकांना माहीत आहे. आत पाणी भरायचं, नेहमीपेक्षा जास्त दाब द्यायचा आणि बघायचं. गळायचं असेल तर आत्ता गळू दे, ऐन हंगामात नको. संगणकाचीही अशीच चाचणी असते. ती घरोघरी पोचवली मात्र एखाद्या मोठ्या कंपनीने नाही, तर मूळ संख्यांच्या मागे लागलेल्या हौशी माणसांनी.

सुरुवात १९९४ पासून करू. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांच्या उत्तरांत बारीक फरक यायला लागला. प्रोग्राम तपासला, बाकीचं सगळं तपासलं, शेवटी बोट इंटेलच्या नव्याकोऱ्या पेंटियम चिपवर आलं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर उत्तर १.३३३८२ यायला हवं, पेंटियम १.३३३७४ द्यायचा. मशीन हँग नाही, पडदा निळा नाही, काही नाही. नुसतं चुकीचं उत्तर, तेही बिनधास्त! चिपमधल्या एका तक्त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. कंपनीने आधी हात झटकले, मग आरडाओरडा झाल्यावर चिपा बदलून दिल्या आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला.

हा कारखान्यातला दोष झाला. पण त्याच दशकात लोक स्वतःहून चिपला वेगात पळवायला लागले होते. ह्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सर्वांत गाजलेलं उदाहरण १९९८ च्या सेलेरॉन ३०० ए चं. मदरबोर्डवरचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० ची चिप ४५० वर धावायची. फुकटात दीडपट! जगभरच्या चोरट्या बाजारात दुसराही धंदा चालला होता. कमी वेगाच्या चिपवरचा छापा खोडायचा, जास्त वेगाचा छापायचा आणि महाग विकायची. गिऱ्हाइकाला कळणार कसं? मशीन चालू तर होतंय! हा धंदा हेही एक कारण होतं, म्हणून कंपन्यांनी चिपचा गुणक आतूनच कुलूपबंद केला.

आता खरा प्रश्न. पळवलेली चिप धड चालतेय हे ठरवायचं कशावरून? विंडोज सुरू झालं म्हणजे झालं, असं नाही.

इथे जॉर्ज वोल्टमन येतो. १९९६ मध्ये त्याने मर्सेन मूळ संख्या शोधायची जागतिक मोहीम सुरू केली. दोनाचा मोठा घात घ्यायचा, त्यातून एक वजा करायचा आणि ती संख्या मूळ आहे का ते तपासायचं. लोकांनी आपला घरचा संगणक रिकामा असताना ह्या कामाला द्यायचा. प्रोग्रामचं नाव प्राइम९५. गणित बघा: चारपासून सुरुवात, वर्ग करा, दोन वजा करा, भागून बाकी ठेवा, परत वर्ग. असं लाखो वेळा. पहिल्याच वर्षी सापडलेली संख्या ४,२०,९२१ अंकी होती. ह्या साखळीत कुठेही एक बिट उलटला की पुढचं सगळं वाया. म्हणून प्रत्येक उत्तर दुसऱ्या संगणकावर पुन्हा काढून घेण्याची पद्धत पडली.

शिवाय वोल्टमनने प्रोग्राममध्येच पहारा बसवला. वर्ग करताना मधली उत्तरं पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवीत. ती ०.४ पेक्षा जास्त लांब गेली की समजायचं, मशीन चुकतंय. त्यातूनच ‘टॉर्चर टेस्ट’ निघाली. उत्तरं आधीच ठाऊक असलेली गणितं चिपला तासन्‌तास घालायची, उत्तर जुळलं नाही की तिथेच थांबायचं. ओव्हरक्लॉक करणाऱ्यांनी ही चाचणी उचलली आणि तीच कसोटी होऊन बसली. पाच मिनिटांत पास होणारं मशीन सहाव्या तासाला नापास होतं, कारण तोवर ते खरं तापलेलं असतं.

ह्यात आपलं पुणं पण आहे बरं का. १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. पुढे २००७ मध्ये टाटांच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेतला ‘एका’ महासंगणक जगात चौथा आणि आशियात पहिला आला, वेग ११७.९ टेराफ्लॉप्स. तो मोजला लिनपॅकवर. प्रचंड मोठी समीकरणं सोडवायची आणि शेवटी उत्तरातली चूक मर्यादेत आहे का ते तपासायचं. वेग कितीही असो, उत्तर चुकलं तर नापास. हेच लिनपॅक नंतर हौशी पोरं घरातल्या संगणकाला घाम फोडायला वापरू लागली.

ही चाचणी कंपन्यांनाही महागात पडली. २०१६ मध्ये प्राइम९५ चालवताना इंटेलच्या नव्या स्कायलेक चिपा गोठायला लागल्या. कंपनीला दोष मान्य करून दुरुस्ती द्यावी लागली. २०२४ मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीच्या चिपा नेहमीच्या वेगातच डळमळू लागल्या. कारण जादा व्होल्टेज. शेवटी दोन वर्षं वॉरंटी वाढवून दिली.

हे सगळं मी आत्ता का लिहितोय? केंद्राने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,५१६ कोटी. आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्या ह्याच प्रकारात येतात. तिथला संगणक कोणी ओव्हरक्लॉक करत नाही, मान्य. पण धूळ बसलेला पंखा, एप्रिल-मेचा उकाडा, वर-खाली होणारी वीज आणि हलका पॉवर सप्लाय एकत्र आले की चिपच्या वाट्याची सवड तशीच कमी होते. आणि त्या मशीनवर आपल्या कर्जाचं व्याज निघतं.

तेव्हा सचिव आणि संचालक मंडळींना एक सुचवणं. मशीन आलं की चलनावर सही करायच्या आधी पुरवठादाराला सांगा, रात्रभर प्राइम९५ लाव आणि मेमरी तपासायला मेमटेस्ट८६. दोन्हींसाठी पैसे लागत नाहीत. सकाळी पडद्यावर एक जरी चूक दिसली, तर मशीन तसंच परत गाडीत.