विळीची धार आणि लोहाराचे बलुते

१/५ लोहार म्हटले की भाता, ऐरण आणि घण आठवतात. परंतु परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावात लोहाराचे गावाशी नाते टिकवले ते धारेने.

२/५ विळीचे पाते ठोकून आकाराला आले की कानस चालते. हे घासकाम आधीच उरकावे लागते. कारण एकदा पाणी दिलेले पोलाद कानशीला दाद देत नाही.

३/५ लाल तापलेले पाते पाण्यात बुडवले की कडक होते, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर धरायचे. फिकट पिवळा रंग चढला की थांबायचे. निळा चढला, तर पाते मऊ पडले. तापमापकाविना हा रंगच मोजमाप होता. शेवटी ओल्या दगडावर धार लावायची, म्हणजे पाते तापत नाही आणि दिलेले पाणी उतरत नाही. चांगल्या शस्त्राला मराठीत ‘पाणीदार’ म्हणतात, ते उगाच नव्हे.

४/५ धार मात्र वापराने झिजतेच. बलुत्याचे गणित इथे आहे. लोखंड कुणब्याचे, श्रम लोहाराचे. वर्षभर विळे, खुरपी, कुऱ्हाडी पाजवून द्यायच्या आणि सुगीत खळ्यावर ज्वारीच्या राशीतून वाटा घ्यायचा. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे.

५/५ तरीही या व्यवस्थेचे गोडवे गाऊ नयेत. काम जन्माने ठरे, मोबदला पिकावर. दुष्काळात रास उणी, तर लोहाराचे ताटही उणे. धार मात्र द्यावीच लागे.