शिकार, संरक्षण आणि मिरवणं

आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट एडिंबरोचा. दरवर्षी १२ ऑगस्ट जवळ आला की तिकडचा मॅनेजर सुट्टीवर जातो आणि आमचे सगळे बग तसेच लोंबकळत राहतात. यंदा कॉलवर सहज विचारलं, की बाबा रे, याच तारखेला काय असतं? तर म्हणाला, ग्राउजचा सीझन उघडतो. ग्राउज म्हणजे स्कॉटलंडच्या माळरानांवरचा, आपल्या तित्तरासारखा एक गुबगुबीत पक्षी. १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर त्याची शिकार कायदेशीर. मग पठ्ठ्याने पंधरा मिनिटं त्याच्या आजोबांच्या बंदुकीचं वर्णन केलं आणि शेवटी विचारलं, तुमच्याकडे कशाची शिकार करतात?

आता काय सांगणार? "आमच्याकडे बंदी आहे" म्हणून मोकळा झालो. पण आमच्याही घरी एक दुनळी आहे आणि तिचीही एक गोष्ट आहे, हे काही बोललो नाही. म्हटलं, विकांताला लिहूनच काढू.

आधी पक्ष्यांचं आटपून घेतो. खरा ग्राउज भारतात नाहीच. इंग्रजांनी ज्याला सँडग्राउज म्हटलं ती आपली पखुर्डी, आणि ती देशावरच्या कोरड्या माळांवरची. नावातच काय तो ग्राउज, बाकी नातं कबुतरांशी जवळचं. आमच्या पनवेलकडे डोंगर, दाट झाडी आणि खाली भातशेती. इथल्या शिकाऱ्यांचा मान रानकोंबड्याला. राखी रंगाचा, मानेवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे ठिपके असलेला. त्याच मानेच्या पिसांपासून विलायतेत मासे पकडायच्या गळाच्या खोट्या माश्या बनवायचे. १९०२ साली सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली त्याला अशा व्यापाराचंही कारण होतं. रानकोंबड्याखालोखाल तित्तर, लाव्हे आणि हरोळ. आमचे थोरले काका अजूनही पहाटे कर्नाळ्याच्या बाजूने बांग ऐकू आली की बोलता बोलता थांबतात.

तर बंदूक. काकांनी मला ती पहिल्यांदा नीट दाखवली तेव्हा मी इंजिनियरिंगला होतो. बारा बोअर, बाहेरचे दोन घोडे, दस्ता अक्रोडाचा. बारा बोअर म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं (नळीची लांबी बारा काहीतरी, असा समज!). हिशोब गमतीदार आहे. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक जेवढ्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. साडेअठरा मिलिमीटर. त्यामुळे सोळा बोअर आणि वीस बोअर या आकडा मोठा असूनही बारीक नळीच्या. असलं युनिट आमच्या कोडमध्ये कोणी वापरलं असतं तर रिव्ह्यूमध्ये फाडून खाल्लं असतं.

घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी. पणजोबांनी एका कलेक्टरसाहेबाला कर्नाळ्याच्या रानात रानकोंबडा दाखवला. साहेब खूश झाला आणि जाताना आपली विलायती बंदूक बक्षीस देऊन गेला. लग्नकार्यात ही गोष्ट निघतेच निघते, आणि दर वेळी साहेबाचा हुद्दा एक पायरी वर जातो.

पनवेल परिसरात अशी गोष्ट सांगितली जाते यात तसं नवल नाही. इथे बंदूक कोणाच्या हातात असावी हा प्रश्न फार जुना आहे. १८७८ साली लिटनच्या सरकारने शस्त्रांचा कायदा केला. युरोपियन लोकांना सूट, हिंदी माणसाला परवाना. (अवांतर: कूर्गच्या कोडवा लोकांना इंग्रजांच्या काळापासून सूट आहे, ती आजही चालू आहे.) कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी बंड केलं ते इथून सहा-सात मैलांवरच्या शिरढोणच्या माणसाने, वासुदेव बळवंत फडक्यांनी. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, नातू पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. मे १८७९ मध्ये त्यांच्या रामोशी साथीदारांनी दौलतराव नाइकांच्या नेतृत्वाखाली पळस्पे आणि चिखलीला छापे घातले. पळस्पे म्हणजे आज मुंबई-गोवा रस्ता जिथे फुटतो तोच फाटा. तिथे ट्रॅफिकमध्ये अडकलो की मला हटकून आठवतं. आणि १८७९ सालीच ए. ओ. ह्यूम आणि मार्शल यांच्या हिंदुस्थानातल्या शिकारीच्या पक्ष्यांवरच्या तीन खंडी ग्रंथाचा पहिला खंड निघाला. हाच ह्यूम पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत. म्हणजे एकाच वर्षी एका माणसाला शस्त्रं मिळत नव्हती म्हणून तो ती लुटून गोळा करत होता, आणि दुसरा शांतपणे तित्तरांच्या जाती मोजत होता.

मग बंदूक हवी असेल तर ती मिळायची कशी? ऐपतदार माणसासाठी मुंबईची दुकानं. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सनी १८९१ मध्ये मुंबईत शाखा काढली. काळा घोड्याजवळची त्यांची इमारत अजून त्याच नावाने ओळखली जाते. कपडे, छत्र्या, बिस्किटं आणि बंदुका, सगळं कॅटलॉगमधून. साहेब लोक मायदेशी जाताना सामान विकून जात, त्यातही बंदुका निघत, आणि १९४७च्या आसपास तर बऱ्याच निघाल्या. शेतकऱ्याकडे असलीच तर ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीचा नाहीतर काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग परत बोळा, शेवटी टोपी. एक बार काढला की रानडुक्कर पलीकडच्या गावात पोचेपर्यंत दुसरा तयार होत नाही. पुढे १९५९च्या कायद्यानेही हा फरक चक्क कलमातच लिहून ठेवला. वीस इंचांपेक्षा आखूड नळी नसलेली साधी बंदूक संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी, आणि ठासणीची पीकसंरक्षणासाठी. डोंगरातले ठाकर आणि कातकरी या हिशोबात कुठेच नव्हते. त्यांच्याकडे गलोल आणि फासे. बहुतेक शिकारींना रान दाखवायला पुढे तेच असायचे, हे मात्र कुठल्याही बंदुकीच्या गोष्टीत येत नाही. आमच्याही नाही.

आता मूळ मुद्दा. मागच्या वर्षी काकांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "माझ्यानंतर ही तुझ्या नावावर करायची का, ते एकदाचं ठरव." २०१६च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं की हयातीतच वारसाकडे देता येतं. मी म्हटलं, आधी कागद बघू. (व्यवसायाची सवय. लॉग बघितल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावर विश्वास नाही.)

एका रविवारी बंदूक मोडून नळ्या खिडकीपाशी नेल्या आणि मोबाईलने फोटो काढून मोठे करून बघितले. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर एका प्रसिद्ध इंग्रज कारागिराचं नाव आहे. पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त! नळ्यांच्या खालच्या अंगाला लंबगोलात ई, एल, जी अशी अक्षरं आणि वर मुकुट. हा बर्मिंगहॅमचा नाही, लंडनचाही नाही, बेल्जियममधल्या लिएज गावच्या तपासणीगृहाचा शिक्का. मुकुट १८९३ पासून यायला लागला, आणि १९२२ पासून तिथे सालाचं अक्षरही मारू लागले, ते यावर नाही. म्हणजे बंदूक या दोन सालांच्या मधली. लिएजचे कारखाने तेव्हा जगभर स्वस्त बंदुका पाठवायचे आणि ओळखीच्या इंग्रजी नावांची जवळपास नक्कल करून कोरायचे. नळ्यांवर पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी आहे, ती लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून ठोकल्याची. अशा नळ्या काळ्या दारूसाठी बनत, आणि धूरविरहित दारूसाठी तपासल्याचा शिक्का या नळ्यांवर नाही. काकांनी यातून वर्षानुवर्षं खडकीच्या कारखान्याची काडतुसं उडवली. दोन्ही हात शाबूत आहेत हे नशीब.

कलेक्टरसाहेब नकली बेल्जियन माल बाळगेल का? बाळगेलही, कोणी सांगावं. पण मग ट्रंकेतून कागद निघाले.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याची पावती, जुनी वापरलेली दुनळी एक, खरेदीदार आमचे आजोबा, साल १९४९. पणजोबांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. साहेब नाही, बक्षीस नाही, रानकोंबडाही नाही. सोबत जुना परवाना. इंग्रजांच्या वेळच्या त्या छापील नमुन्यात परवाना कशासाठी ते तीन शब्दांत लिहिलेलं असे: शिकार, संरक्षण किंवा मिरवणं. (शेवटच्या शब्दाचं मी केलेलं भाषांतर जरा मोकळं आहे, पण अर्थ तोच.) आजोबांच्या कागदावर पहिला आणि तिसरा शब्द शाईने खोडलेले. राहिलेला एक, संरक्षण.

कशापासून संरक्षण? इथे मी बराच वेळ कागद हातात धरून बसलो.

कारण १९४९ हे साल आमच्या घराच्या दृष्टीने साधं नाही. आम्ही खोत. फार मोठे नाही, पण खोत. कुळाबा जिल्ह्यात खोत आणि कुळं यांच्यात काय चाललं होतं ते चरीच्या संपाने दाखवून दिलं होतं. अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ पासून १९३९ पर्यंत सहा वर्षं कुळांनी खोतांची जमीन कसलीच नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. सहा वर्षं! उपाशी राहिले, लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. त्याआधी २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन आठ सत्याग्रही गेले. बंदुकीचा आवाज काय असतो ते त्या पंचक्रोशीला पाखरांच्या शिकारीतून कळलेलं नाही. मग १९४८ साली कूळकायदा आला आणि १९४९ साली खोती रद्द करण्याचा कायदा. त्याच साली आजोबा मुंबईला गेले आणि जुनी दुनळी घेऊन आले.

मी काकांना सरळच विचारलं. "काका, ही कुळांसाठी आणली होती का?"

काका चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "कोणावर रोखली नाही रे कधी. शपथ घेऊन सांगतो." मग थोड्या वेळाने, "पण ओटीवर टांगलेली असायची. खंड द्यायला आलेल्याला समोर दिसेल अशी."

म्हणजे खोडलेला तिसरा शब्दच खरा होता तर.

आणि गंमत म्हणजे काकांचं त्या बंदुकीवरचं प्रेमही तितकंच खरं आहे. आजोबांनी ती पाखरांवर कधी चालवली नाही, चालवली ती काकांनी. उजवी नळी मोकळी म्हणून जवळच्या पाखराला आधी ती, डावी तोंडाशी किंचित आवळलेली म्हणून उडून लांब गेलेल्याला ती. सहा नंबरचे छर्रे रानकोंबड्याला, आठ नंबरचे लाव्ह्याला. हे सांगताना काकांचे हात आपोआप हवेत उचलले जातात. बरोबर कायम एक कातकरी मित्र. तो पाखरू कुठून उठणार हे आधीच सांगायचा आणि वाट्याला निम्मं मांस घ्यायचा. "त्याला कधी बार काढायला दिलात?" असं मी विचारलं. "परवाना माझ्या नावावर होता," काका म्हणाले. उत्तर अगदी कायदेशीर.

१९६८ साली कर्नाळा अभयारण्य झालं, सुरुवातीला जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर. काका तेव्हा विशी-बाविशीचे. अभयारण्याबाहेरचं रान मोकळं होतं म्हणून थोडी वर्षं चाललं. मग १९७२चा वन्यजीव कायदा आला. त्यातही लहान शिकारीला परवान्याची फट होती, ती १९९१च्या दुरुस्तीने बुजवली. काकांनी त्याच्या बरंच आधी सोडलं होतं. कारण विचारलं तर कधी म्हणतात पाखरंच राहिली नाहीत, कधी म्हणतात मित्र गेला. त्यांचा आदर्श सलीम अली, म्हणजे शिकारी म्हणून नव्हे. लहानपणी एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे तो माणूस पक्ष्यांकडे वळला आणि इथेच खाली किहीमला सुगरणीची घरटी मोजत बसला. काकांनीही दुर्बीण घेतली. कर्नाळ्याच्या फाटकावर एंट्री करून आत जातात, हातात काठी. रानकोंबडा दिसला की अजूनही आधी डावा हात पुढे येतो, मग ते तो खिशात घालतात.

बंदूक सध्या घरात नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती ठाण्यात जमा करायची आणि नंतर सोडवून आणायची, या फेऱ्यांना काका कंटाळले. त्यांनी ती एका परवानाधारक दुकानात सेफ कस्टडीत ठेवली आहे, महिन्याचं भाडं भरून. चुलतभावाचं म्हणणं, विकून टाका, जुन्या परदेशी बंदुकांची आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, तेव्हापासून त्यांना भाव आहे. मी त्याला लिएजचा शिक्का दाखवला, तरी तो साहेबाची गोष्ट सोडायला तयार नाही. गिऱ्हाइकाला तीच सांगायची म्हणतो.

माझा अर्ज टेबलावर पडलाय. नाव, पत्ता, फोटो झालं. प्रशिक्षणाचा दाखला लागतो, तोही बघून ठेवलाय. फक्त हत्यार कशासाठी हवं या रकान्यात काय लिहावं ते तीन विकांत ठरत नाहीये. शिकार लिहिता येत नाही. संरक्षण लिहायला हात होत नाही. आणि तिसरा शब्द आता फॉर्ममध्ये नाही.

काल संध्याकाळी काकांचा फोन आला. "भरलास का रे?" म्हटलं, भरतो. मग त्यांनी विषय बदलला. वडाळे तळ्यावर पाणकोंबड्या आल्यात, उद्या येतोस का म्हणाले. जाऊन येतो.