मावळांतील राखणदारी व पोलिसांचें लष्करी वळण

नेरे हें मुळशी तालुक्यांतील गांव. या बाजूच्या गांवांची राखण पेशवाईअखेरपर्यंत पाटलाच्या हाताखालीं महार व जागल्या करीत. पुणें प्रांतीं जागल्याचें काम बहुधा रामोशाकडे असे. चोरीचा माग काढीत जागल्यानें शिवेपर्यंत जावें, पुढें तो शेजारच्या गांवानें घ्यावा, आणि जेथें माग खुंटेल त्या गांवानें मालधन्यास भरपाई द्यावी, ही वहिवाट एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत वर्णिली आहे. ती निर्दोष होती असें आमचें म्हणणें नाहीं; राखणदारच चोरांस सामील असल्याच्या तक्रारी तेव्हांही होत. शहरांत तर घाशीराम कोतवालाचा अंमल इतका जाचक झाला कीं, १७९१ त लोकांनीं त्यास धोंड्यांनीं ठार केलें. परंतु खेड्यांतील जागल्या गांवाचें खाई व गांवासच जाब देई.

१८१८ नंतर किल्ल्यांवरील चाकऱ्या व जुने हक्क गेल्यानें रामोशी बिथरले. उमाजी नाइकाशीं सरकारनें एकदां तडजोड करून त्यास नोकरींतही घेतलें. ती टिकली नाहीं. मग लष्करी अधिकारी पाठीवर लागले, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं त्यास पुण्यांत फांशी झाली. पाठलाग करणाऱ्या कॅप्टन मॅकिंतॉशनेंच पुढल्या वर्षीं रामोशांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अभ्यासकांस आजही त्याच्याच दाराशीं जावें लागतें!

या पाठलागास कायमचें रूप आलें तें सिंधच्या वाटेनें. १८४३ त सिंध जिंकल्यावर नेपियरनें आयर्लंडांतील सशस्त्र दलाच्या नमुन्यावर तेथें पोलीस उभे केले. १८५३ त मुंबई इलाख्यानें तोच कित्ता गिरवून जिल्ह्याजिल्ह्यास पोलीस सुपरिंटेंडेंट नेमिला. बंदोबस्ताची शिस्त आतां गांवांतून नव्हे, कवाइतीच्या मैदानांतून येऊं लागली. शिक्षेचेंही तेंच. १८६० च्या दंडसंहितेंत फटक्यांची शिक्षा नव्हती. १८६४ च्या कायद्यानें ती पुन्हां आणिली. १८७९ त वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडावर पोलिसांबरोबर फौजही निघाली. त्यांस जन्माचें काळें पाणी होऊन १८८३ त एडन येथें मृत्यु आला.

१८९७ त रँडच्या वधानंतर पुण्यावर जादा पोलीस बसविण्यांत आले व त्यांचा खर्च नागरिकांवर लादला गेला. १८९० च्या जिल्हा पोलिसांच्या कायद्यानें हीच तजवीज खेड्यांसही लागू होती. जुनी भरपाई निदान नागवलेल्या मालधन्याच्या पदरांत पडे; हा दंड पहारेकऱ्यांच्या पगारांत जाई, आणि गुन्हा कोणीं केला हें ठरण्यापूर्वींच वसूल होई.